चतुर्थीत दरवर्षी संडास तुंबतो? सेप्टिक टँकला फिल्टर निवडण्याआधी हे तपासा

आमचं घर कुडाळ तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, मागच्या खळ्याखाली सेप्टिक टँक आणि माडांच्या पलीकडे शोषखड्डा. वर्षभर घरात आम्ही चौघं. चतुर्थीला मुंबई, ठाणे, पुण्याहून भावंडं आणि त्यांची मुलंबाळं येतात आणि सात दिवस घरात अठरा माणसं असतात. चार वर्षं लागोपाठ तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी एकच प्रकार झाला. खालच्या संडासात बादली ओतली की पाणी वर चढायचं, गुडगुडत सावकाश उतरायचं आणि शेजारच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बाहेर यायचं. घरात गौरी बसलेल्या, पुढच्या दारी भजनाची मंडळी, आणि मागे आम्ही बांबू घेऊन चेंबरपाशी.

पहिल्या वर्षी टँकर बोलावून टाकी उपसली. दुसऱ्या वर्षी शोषखड्डा नवा मारला. तिसऱ्या वर्षानंतर टाकीच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला फिल्टर बसवला. चौथ्या वर्षी तो फिल्टरच तुंबला. प्लंबर म्हणाला, "काका, ही गाळणी काढून टाकूया, मगे कटकटच नाय."

ती मी काढू दिली नाही. फिल्टर बसवून फसलो असं वाटणाऱ्या बऱ्याच घरांत नेमकी इथेच चूक होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टाकीत काय चालतं

चांगल्या चालणाऱ्या टाकीत तीन थर असतात. वर तेल, चरबी आणि तरंगणाऱ्या मळीची साय, तळाला गाळ, आणि मधे त्यातल्या त्यात निवळ पाणी. बाहेर जायला हवं ते फक्त हे मधलं पाणी. म्हणून बाहेरच्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड, बसवतात. टीचं वरचं टोक सायीच्या वर राहतं आणि खालचा पाय पाण्याच्या पातळीपासून साधारण एक तृतीयांश खोलीपर्यंत उतरतो, म्हणजे साय पाइपात शिरत नाही. फिल्टर याच टीच्या जागी बसतो. त्याच्या बाहेरच्या नळकांड्याला तळाशी तोंड असतं, आत उपसून काढता येणारी फटींची कांडी असते. मधल्या थरातलं पाणी खालून आत शिरतं, फटींतून गाळलं जातं आणि शोषखड्ड्याकडे जातं.

एक गैरसमज आधी दूर करतो. हा फिल्टर पाणी शुद्ध करत नाही. जंतू, नायट्रेट, वास यातलं काही अडवत नाही. फटीपेक्षा मोठे कण, केस, दोरे आणि तरंगती मळी शोषखड्ड्यात जाऊ नये, एवढंच त्याचं काम. पण ते लहान समजू नका. शोषखड्ड्याच्या भिंतींवर मळीचा काळा बुळबुळीत थर एकदा जाड झाला की पाणी मुरणं थांबतं, आणि तो खड्डा पुन्हा उघडून दगड धुवायचे म्हणजे दोन-तीन दिवस माणसं लावावी लागतात. फिल्टर तुंबला तर अर्ध्या तासात साफ होतो. ज्याला साफ करणं सोपं, त्याने आधी तुंबावं यासाठीच तो बसवलेला असतो. म्हणून तुंबलेला फिल्टर दिसला की पहिला प्रश्न हा विचारा: इतक्या लवकर का तुंबला?

आधी ठरवा, अडलंय कुठे

माझी तीन वर्षं यात गेली, कारण मी प्रत्येक वेळी उपाय आधी केला आणि तपासणी कधी केलीच नाही. खरं तर यात काही अवघड नाही.

घर आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडा. चेंबर तुडुंब भरलंय आणि टाकीतलं पाणी मात्र नेहमीच्या जागी आहे, असं असेल तर दोष टाकीच्या अलीकडच्या पाइपात आहे. माडाचं मूळ शिरलंय, पॅड अडकलंय किंवा पाइपाला उतार कमी आहे. फिल्टरचा किंवा शोषखड्ड्याचा इथे संबंध नाही.

मग टाकीचं बाहेरच्या बाजूचं झाकण उघडा. नेहमीची पातळी म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळकडेला टेकलेलं पाणी. आत येणारा पाइप त्यापेक्षा साधारण ५० मिलिमीटर उंच असतो. पाणी या तळकडेच्या बरंच वर चढलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, म्हणजे एक तर फिल्टरमध्ये किंवा शोषखड्ड्यात.

या दोन्हींतला फरक असा कळतो. टाकी आणि शोषखड्डा यांच्यामधे चेंबर असेल तर त्यात बघा. टाकीत पाणी चढलंय आणि पुढचं चेंबर कोरडं आहे, तर फिल्टर तुंबलाय. दोन्हीकडे सारखंच पाणी उभं असेल तर शोषखड्डा भरलाय. मधे चेंबर नसेल तर घरातले सगळे नळ बंद करायला सांगा, फिल्टर साफ करून परत बसवा आणि पाणी बघत उभे राहा. काही मिनिटांत पातळी उतरून तळकडेला आली की फिल्टरच होता. पातळी हललीच नाही, किंवा पाइपातून पाणी उलटं टाकीत आलं, तर खड्डा भरलेला आहे आणि फिल्टर बदलून काही होणार नाही.

आमच्याकडे चौथ्या वर्षी दोन्ही निघालं. फिल्टर धुऊन बसवल्यावर पाणी वीतभर उतरलं आणि मग थांबलं. विहिरीत डोकावलो तर ऑगस्टातलं पाणी दोन हातांवर. जांभ्यात पाणी झटकन मुरतं हे खरं, पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की तोच जांभा आधीच भरलेला असतो. शोषखड्ड्याची परीक्षा मे महिन्यात घेऊन उपयोग नाही. ती श्रावणात घ्या. आणि खड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, हे नवा खड्डा मारण्याआधी टेपने मोजा. नुसत्या अंदाजाने तो अनेकदा जवळ येतो.

हिशेब, ज्याने माझे डोळे उघडले

आमची टाकी आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, म्हणजे १,८०० लिटर. सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, हे माप १० माणसांसाठी दिलंय, तेही टाकी दरवर्षी उपसायची असं धरून. आम्ही चौघं, म्हणून टाकी मोठीच आहे असं मला वाटायचं.

माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा आपल्याकडचा रूढ हिशेब आहे. चौघांचे ५४० लिटर. टाकी रिकामी-स्वच्छ असेल तर पाणी तीन दिवसांहून जास्त आत थांबतं आणि घाण निवळायला भरपूर वेळ मिळतो. अठरा माणसांचे होतात २,४३० लिटर, म्हणजे पाणी जेमतेम १८ तास थांबतं. त्यात टाकीचा तिसरा हिस्सा गाळाने आणि सायीने भरलेला असेल तर उरतात १,२०० लिटर आणि तेच पाणी १२ तासांत बाहेर पडतं. सेप्टिक टँकला किमान २४ तास हवेत. एवढ्या घाईत गाळ खाली बसत नाही, तो पाण्याबरोबर ढवळला जातो आणि थेट फिल्टरवर येऊन चिकटतो.

पण अठरा माणसांचं सगळं पाणी टाकीत जायलाच हवं का? त्या १३५ लिटरमधलं संडासात जाणारं पाणी साधारण ४५ लिटर धरतात. बाकीचं न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं. आमच्या आजीच्या वेळी न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळींना जायचं. नवीन बाथरूम बांधताना तेही पाइपने टाकीत जोडलं गेलं, पाठोपाठ सिंक आणि वॉशिंग मशीनही. ते वेगळं काढलं तर अठरा माणसांचे ८१० लिटर उरतात आणि गाळ असलेल्या टाकीतही पाणी ३५ तास थांबतं.

त्या रात्री हा हिशेब कागदावर मांडला आणि गेल्या तीन वर्षांचा खर्च कुठे वाया गेला ते दिसलं. पाचव्या वर्षी आम्ही न्हाणी, सिंक आणि मशीनचं पाणी टाकीपासून तोडलं. सिंकच्या पाण्यासाठी आधी तेल अडवायचा छोटा चेंबर केला आणि मग सगळं केळींच्या आळ्यांकडे वळवलं. फिल्टर निवडण्यापेक्षा जास्त फरक या कामाने पडला.

फिल्टर घ्यायचाच, तर कसला

तयार फिल्टर मुख्यतः अमेरिकेत बनतात. तिथे अनेक राज्यांत नव्या टाकीला तो लावावाच लागतो आणि त्यासाठी एनएसएफ/एएनएसआय ४६ नावाचं मानक आहे. आपल्याकडे ते ऑनलाइन मागवता येतात, काही प्लंबिंगवाले आणूनही देतात. किंमत साध्या टीच्या कितीतरी पट असते, म्हणून घेताना नीट बघावं.

पहिली गोष्ट म्हणजे फटीची रुंदी. बहुतेक घरगुती फिल्टरच्या फटी १/१६ इंच, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर असतात. काहींच्या १/८ इंच, साधारण ३.२ मिलिमीटर. १/३२ इंचाचेही मिळतात, पण घराच्या टाकीला ते घेऊ नका. जितकं बारीक तितकं चांगलं, ही समजूत इथे लागू पडत नाही. फार बारीक फटींवर जंतूंचाच बुळबुळीत थर वाढतो आणि टाकी निरोगी असूनही फिल्टर भरतो. मी १.६ मिलिमीटर घेतला आणि तो पुरे आहे.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची, ती म्हणजे फटींची एकूण लांबी. पॉलिलॉक कंपनीचं उदाहरण देतो, कारण त्यांच्या मॉडेलच्या नावातच हा आकडा असतो. पीएल-६८ मध्ये ६८ फूट फट, पीएल-१२२ मध्ये १२२ फूट, पीएल-५२५ मध्ये ५२५ फूट. तिन्हींची फट १/१६ इंचच. पीएल-१२२ दिवसाला १,५०० गॅलनसाठी ठरवलेला आहे, म्हणजे सुमारे ५,६८० लिटर. आमची अठरा माणसं सगळं पाणी त्यात ओतत होती तेव्हाही निम्म्यापर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा लिटरचा आकडा बघून मोठं मॉडेल घ्यायची गरज नाही. मोठं घ्यायचं ते दोन सफाईंमधला काळ वाढावा म्हणून. घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, झाकण उचलायला वर्षातून एकदाच कुणी येतं, तर जास्त लांबीचा फिल्टर घेण्यात शहाणपण आहे. दर सहा महिन्यांनी स्वतः बघणार असाल तर मधलं मॉडेल पुरतं.

पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीची किंवा स्टीलची जाळी बांधून काम भागतं का, हे मला तीन जणांनी विचारलं. नाही भागत, आणि कारण साध्या क्षेत्रफळात आहे. ११० मिलिमीटर पाइपाचं तोंड सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर. जाळीची निम्मी जागा तारांनी खाल्ली तर मोकळी उरते ४८ च्या आसपास. पीएल-१२२ च्या फटी उलगडल्या तर मोकळी जागा भरते ५९० चौरस सेंटिमीटर, बारा पट. शिवाय त्या उभ्या असतात, त्यामुळे सुटलेला मळ खाली टाकीत पडायला वाव असतो. सपाट जाळीवर मळ चिकटतो तो तिथेच राहतो. अशी जाळी काही दिवसांत बंद होते आणि ती कुणी बांधली होती हे विसरल्यावर खळं पुन्हा उकरावं लागतं.

आता आपल्याकडची खास अडचण. हे फिल्टर अमेरिकन ४ इंची पाइपासाठी बनवलेले असतात आणि त्या पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो. आपला एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप ११० मिलिमीटर. चार मिलिमीटरची ही फट सोल्युशनने भरत नाही. आमच्या पहिल्या जोडणीत गवंड्याने ती सिमेंटने बुजवली, वर्षभरात सिमेंट सुटलं आणि न गाळलेलं पाणी फिल्टरच्या बाजूने जायला लागलं. रबरी कपलर आणि स्टीलच्या क्लिपा लावून घ्या. फिल्टर मागवण्याआधीच दुकानदाराला ही दोन मापं लिहून पाठवा.

खोलीही मोजा. टाकी उथळ असेल, पाण्याची खोली जेमतेम एक मीटर असेल, तर लांब फिल्टरचं तळतोंड गाळाच्या थराजवळ जातं आणि तो गाळच ओढतो. बुडणारा भाग वरून एक तृतीयांश खोलीच्या आसपास संपावा. चिऱ्याच्या जुन्या टाक्यांत तर बाहेरच्या तोंडाला टीच नसतो, भिंतीतून नुसता पाइप काढलेला असतो आणि साय सरळ शोषखड्ड्यात जाते. अशा टाकीत आज पैसे नसतील तर निदान ११० चा एक टी आणि खाली पाइपाचा तुकडा लावा. काही शे रुपयांत निम्मं काम होतं.

कांडी वर काढली की आपोआप तोंड बंद करणारा गोळा काही फिल्टरमध्ये असतो. तो असलेलाच घ्या. सफाईच्या वेळी टाकीतली साय पाइपातून पळून खड्ड्यात जाण्याचा धोका त्याने टळतो. खालच्या बाजूला बुडबुडे बाजूला वळवणारी टोपीही हवी, कारण गाळातून उठणारे वायूचे बुडबुडे कण घेऊन वर येतात आणि नेमके फिल्टरमध्ये शिरतात.

आणि या सगळ्याआधी झाकण. फिल्टर हाताला येणार नसेल तर तो बसवूच नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. खळं सारवून किंवा पेव्हर टाकून टाकीची झाकणं गाडायची आपल्याकडे पद्धत आहे. वर्षाला उघडायचं झाकण जमिनीच्या पातळीवर हवं, एका माणसाला उचलता येईल एवढं हलकं हवं, आणि लहान मुलाला मुळीच उघडता येणार नाही असं कडीकुलपाचं हवं. टाकी खोल असेल तर तिच्या तोंडापासून जमिनीपर्यंत गोल कठडा बांधून घ्या.

साफ करताना

टाकीत कधीही उतरू नका, कुणाला उतरवू नका, तोंड खाली करून डोकावूही नका. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वासच यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. शेजारी मिथेनही असतो, म्हणून विडी, काडेपेटी, अगरबत्ती काही नको. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटार आणि सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. तेवढे पैसे मोजूनही गेलेला माणूस घरी परत येत नाही. टाकी उपसायची ती पंपाच्या गाडीनेच.

फिल्टरची सफाई मात्र उभ्याने, बाहेरून होते. रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं आणि जवळ दुसरं माणूस. झाकण उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी तळकडेच्या खूप वर असेल आणि फिल्टरला बंद होणारा गोळा नसेल, तर आधी गाडीवाल्याकडून पातळी खाली करून घ्या, मगच कांडी ओढा. कांडी हळू वर घ्या, टाकीच्या आत येणाऱ्या बाजूच्या झाकणावर धरा आणि साध्या पाण्याच्या पाइपाने धुवा, म्हणजे मळ परत पहिल्या कप्प्यात पडेल. विहिरीच्या काठावर किंवा परसात धुऊ नका. ब्लीच, अॅसिड, फिनाईल लावू नका. फटींत थोडा तांबूस-काळा लेप राहिला तरी चालतो, त्याला चकचकीत करायची गरज नाही. परत बसवताना तळाला टेकल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला फिल्टर म्हणजे नसलेला फिल्टर.

फिल्टरवर काय अडकलंय ते नीट बघा

यातून घरात काय चुकतंय ते कळतं. आमच्या पहिल्या सफाईत निघाले मशीनमधले कपड्यांचे तंतू, लांब केस आणि माशांचे खवले. खवले सिंकमधून आले होते. मासे धुण्याचं पाणी आता सरळ माडाच्या आळ्यात जातं, आणि मशीनच्या पाइपाला जुन्या नायलॉनच्या मोज्याची पिशवी बांधलीय, ती दर महिन्याला रिकामी होते.

पांढरट, मेणासारखा थर असेल तर तेल-तूप येतंय. चतुर्थीत मोदक, वडे, घावनांच्या भांड्यांचं तेल सिंकमध्ये जातं आणि थंड झाल्यावर तिथेच गोठतं. भांडी आधी राखेने किंवा कागदाने पुसून घेतली तरी बराच फरक पडतो. पॅडचा कापूस किंवा ओले टिशू निघाले तर संडासात झाकणाची बादली ठेवा आणि पाहुण्यांना स्पष्ट सांगा. सांगायला संकोच वाटतो, पण नंतर त्यांनाच त्रास होतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये सगळं गटारात जातं, इथे आपलं गटार आपल्याच अंगणात आहे हे त्यांच्या लक्षात नसतं.

फिल्टर नुसत्या राखाडी चिखलाने भरलेला असेल, केस-दोरे नसतील, तर टाकी गाळाने भरलीय. लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडा, मिनिटभर ठेवून वर काढा. काळा डाग किती उंच आला ते गाळाची जाडी सांगतं. गाळाचा माथा फिल्टरच्या तळतोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत आला, किंवा सायीचा तळ त्या तोंडापासून १५ सेंटिमीटरच्या आत आला, की गाडी बोलवा. दोन-तीन वर्षांनी उपसा करणं साधारण बरोबर असतं. साताऱ्यातल्या वाईत नगरपरिषद घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीने उपसून घेते आणि मैल्यावर प्रक्रियाही होते. आपल्या गावांत तशी सोय नाही, म्हणून गाडीवाल्याला मैला कुठे टाकणार हे विचारा. ओहोळात टाकणार असेल तर दुसरा शोधा, तो ओहोळ पुढे कुणाच्या तरी विहिरीजवळून जातो.

टाकीत घालायच्या पावडरी, यीस्ट, शेणकाला यांच्यावर खर्च नको. कुजवणारे जंतू माणसाच्या मैल्यातच पुरेसे असतात. उलट रोज अॅसिड आणि फिनाईल ओतून आपणच ते मारतो, मग न कुजलेला मळ फिल्टरवर येतो. घरात कुणी आजारी असेल आणि अँटिबायोटिकचा मोठा कोर्स चालू असेल, तर त्या महिन्यात फिल्टर एकदा जास्त बघा.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू वर सोडणारा पाइपही तपासा. आमच्या पाइपात गांधीलमाशीने घर केलं होतं आणि गुडगुड आवाजाचं ते एक कारण निघालं. वर जाळीची टोपी लावल्यापासून आवाज कमी झाला.

आता आमचा क्रम असा आहे. आषाढ संपताना टॉवेल लावून गाळ मोजायचा, गरज असली तर गाडी बोलवायची आणि फिल्टर धुवायचा. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन पाहुणे गेले की परत एकदा धुवायचा. धुतल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहितो, कारण पुढच्या वर्षी ते काम माझा पुतण्या करणार आहे. गेल्या चतुर्थीला अठराच्या जागी एकवीस माणसं होती. पाचव्या दिवशी झाकण उघडून पाहिलं, पाणी पाइपाच्या तळकडेला होतं. शोषखड्डा अजून एकच आहे आणि श्रावणात तो काठोकाठ असतो, म्हणून या मे महिन्यात दुसरा मारून मधे वळवायचं चेंबर ठेवणार आहे. एक वर्ष एक खड्डा चालेल आणि दुसरा विसावा घेईल, पुढच्या वर्षी उलट. जागा विहिरीपासून २६ मीटरवर आखून ठेवलीय, खुंट्या ठोकल्यात.